आधी थांबायला शिकवा : विनाचालक स्पर्धा-गाडीविषयी वाचकांचे प्रश्न

फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेच्या विनाचालक गटाविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी निवडले आहेत. स्पर्धा ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात : विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या एकआसनी गाड्यांची ही स्पर्धा. जर्मनीत होकेनहाइमरिंगवर ती भरते आणि २०१७ पासून तिथे चालकाविना धावणाऱ्या गाड्यांचा वेगळा गट आहे. पहिल्या वर्षी तो झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठाच्या एएमझेड संघाने जिंकला. मार्गाच्या डाव्या कडेला निळे शंकू, उजव्या कडेला पिवळे, आरंभरेषेवर मोठे नारिंगी. ७५ मीटरची सरळ धाव आणि इंग्रजी आठच्या आकाराचा स्किडपॅड यांचा आराखडा आधी माहीत असतो. ऑटोक्रॉसची एक फेरी आणि ट्रॅकड्राइव्हच्या १० फेऱ्या यांचा मार्ग मात्र गाडीने स्वतः पाहून ओळखायचा असतो. (मुलं शंकूला सर्रास ‘कोन’ म्हणतात. मराठीत कोन म्हणजे अँगलही, म्हणून इथे शंकूच म्हटलं आहे.) खाली दिलेले आकडे स्पर्धेच्या नियमांत रुळलेले असले, तरी काम सुरू करण्यापूर्वी त्या वर्षीची नियमपुस्तिका उघडून एकेक आकडा ताडून पाहा.

प्रश्न : आमची इलेक्ट्रिक गाडी फॉर्म्युला भारत या भारतातल्या अशाच स्पर्धेसाठी कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर धावली आहे. आता ती विनाचालक करायची आहे. पैसे एकाच मोठ्या वस्तूपुरते आहेत. आधी लायडार (लेसर किरणांनी अंतर मोजणारा सेन्सर) घ्यावा की चांगला संगणक? — यंत्र अभियांत्रिकी, तृतीय वर्ष, कराड

दोन्ही नको. आधी आपत्कालीन ब्रेक बांधा. नियमपुस्तिकेत त्याला ईबीएस म्हणतात. तो तपासणीत पास झाला नाही तर गाडी धावपट्टीवर जातच नाही, मग वर कितीही महागडा लायडार बसवलेला असो.

चाचणी अशी : गाडीने स्वतःहून २० मीटरच्या आत ताशी किमान ४० किलोमीटरचा वेग गाठायचा. मग बाहेरून रिमोटने आपत्कालीन बटण दाबलं जातं आणि त्या क्षणापासून १० मीटरच्या आत गाडी सरळ रेषेत, न भरकटता थांबली पाहिजे. हिशोब कागदावर मांडून बघा. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर. बटण दाबल्यापासून ब्रेक धरेपर्यंत नियम २०० मिलीसेकंद देतो. तेवढ्यात गाडी २.२ मीटर पुढे गेलेली असते. उरले ७.८ मीटर. तेवढ्यात थांबायचं तर मंदन ७.९ मीटर प्रति सेकंद वर्ग हवं. कोरड्या डांबरावर बऱ्या टायरला हे जमतं, पण हातात शिल्लक फार राहत नाही. ब्रेक १०० मिलीसेकंदांनी उशिरा लागला तर १.१ मीटर गेलं. बहुतेक संघ घर्षणात नापास होत नाहीत, या उशिरात होतात.

रचनेचं सूत्र एकच : वीज गेली की ब्रेक लागलाच पाहिजे. टाकीतली दाबाखालची हवा विद्युत झडप वीज असेपर्यंत अडवून धरते. वीज तुटली की झडप उघडते, हवा छोट्या सिलिंडरमध्ये जाते आणि तो ब्रेकच्या मास्टर सिलिंडरला दाबतो. एक भाग निकामी झाला तरी दुसऱ्याने गाडी थांबली पाहिजे, म्हणून टाकी आणि झडप यांच्या दोन स्वतंत्र जोड्या ठेवा. सुरू होताना गाडीने दोन्ही जोड्या एकेक करून तपासायच्या : पहिली सोडली, ब्रेकच्या नळीतला दाब चढला का? मग दुसरी.

बिघाड कुठे होतो तेही सांगतो. टाकीपासून सिलिंडरपर्यंत ४ मिलिमीटरची लांबलचक नळी ओढली की हवा पोहोचायला वेळ लागतो. बाहेरचा व्यास ६ किंवा ८ मिलिमीटर असलेली नळी घ्या आणि टाकी पेडलजवळ बसवा. नळी कात्रीने कापू नका. तोंड तिरकं झालं की दाबून बसवायच्या जोडातून हवा हळूहळू निघून जाते. त्यासाठीचा कटर स्वस्त मिळतो. दाब भरा, अर्धा तास थांबा, काटा उतरला तर प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे येतील तो जोड काढून पुन्हा बसवा. ब्रेक ऑइलमध्ये हवा राहिली असेल तर पेडल स्पंजासारखं दबतं. माणूस पाय आणखी दाबून ते निभावून नेतो; हवेच्या सिलिंडरचा मात्र स्ट्रोक तिथेच संपतो. म्हणून ब्लीडिंग (ऑइलमधली हवा काढणं) पुन्हा करा.

आणि थांबण्याचं अंतर ‘ब्रेक लागला तिथून’ मोजू नका, बटण दाबलं तिथून मोजा. रिमोटचा सिग्नल, ब्रेकचा दाब आणि चारही चाकांचा वेग एकाच घड्याळावर, सेकंदाला किमान २०० नोंदींनी लिहून ठेवा. त्या आलेखात उशीर कुठे आहे हे स्पष्ट दिसतं.

प्रश्न : शंकू ओळखायला कॅमेरा बरा की लायडार? आमच्या संघात यावरून दोन तट पडले आहेत. — पुणे

वाद मिटवायला त्रैराशिक पुरेसं आहे. लहान शंकू ३२५ मिलिमीटर उंच, तळाशी २२८ मिलिमीटर रुंद.

आधी १६ किरणांचा लायडार घेऊ. दोन किरणांमध्ये उभं अंतर २ अंशांचं. १० मीटरवर ते ३५ सेंटिमीटर होतं, म्हणजे शंकूच्या उंचीहून जास्त. एखादा किरण शंकूवर पडेल, नाहीतर वरून आणि खालून निघून जाईल. आडव्या दिशेला ०.२ अंश धरले तर १० मीटरवर ३.५ सेंटिमीटरला एक बिंदू, म्हणजे अख्ख्या शंकूवर जेमतेम चार-पाच बिंदू. २० मीटरवर दोन. दोन बिंदूंना शंकू म्हणायचं की गवताचं पातं, हे कोणताही प्रोग्रॅम खात्रीने सांगू शकत नाही. ६४ किरण आणि ४५ अंशांची उभी दृष्टी असेल तर अंतर ०.७ अंशांवर येतं आणि १० मीटरवर दोन-तीन ओळी शंकूवर पडतात. तिथून काम नीट सुरू होतं.

आता कॅमेरा. १९२० पिक्सेल रुंदीचं चित्र, ९० अंशांची भिंग-दृष्टी. २० मीटरवरचा शंकू सुमारे १६ पिक्सेल उंच दिसतो. पण वेग वाढावा म्हणून चित्र ६४० रुंदीवर आणलंत की तोच शंकू ५ पिक्सेलचा उरतो, आणि मग ‘आमचं योलो लांबचं पकडत नाही’ (योलो म्हणजे चित्रातल्या वस्तू ओळखणारा प्रोग्रॅम) ही तक्रार सुरू होते. चित्र लहान करू नका. वरचं आकाश आणि खालचं गाडीचं नाक कापून मधला पट्टा मूळ आकारात द्या. अंतराचा प्रश्न त्याहून बिकट. चौकटीच्या उंचीवरून अंतर काढलं तर २० मीटरवर एका पिक्सेलच्या चुकीने १.३ मीटरचा फरक पडतो, १० मीटरवर सुमारे ३० सेंटिमीटरचा.

म्हणून अंतर लायडारकडून घ्या, रंग कॅमेऱ्याकडून. एकच परवडत असेल तर आमचं मत लायडारच्या बाजूने आहे. डावा शंकू आणि उजवा शंकू हे रंग न कळताही बऱ्याच वळणांवर मांडणीवरून ओळखता येतं, पण अंतर चुकलं की सगळंच चुकतं. शिवाय निळ्या शंकूवर पांढरा पट्टा असतो आणि पिवळ्यावर काळा. परत येणाऱ्या किरणाची तीव्रता खालून वर वाचली तर एकात मध्ये उजेड दिसतो, दुसऱ्यात मध्ये अंधार. जवळच्या शंकूंवर, जिथे चार-पाच ओळी पडतात, तिथे लायडारवरूनही रंग निघतो.

एक गोष्ट नवे संघ हमखास विसरतात. लायडारची एक फेरी १०० मिलीसेकंदांची असते. सेकंदाला १० मीटर वेगाने जाणारी गाडी तेवढ्यात १ मीटर पुढे सरकते, म्हणजे एकाच चित्रातला पहिला शंकू आणि शेवटचा शंकू वेगवेगळ्या जागेवरून पाहिलेले असतात. प्रत्येक बिंदूची वेळ घेऊन गाडीच्या गतीने तो मागेपुढे सरकवावाच लागतो. ढकलत नेऊन चाचणी घेताना हे कळत नाही. पहिल्यांदा वेग घेतला की नकाशा तिरपा होतो.

कॅमेऱ्याला शिकवण्यासाठी हजारो चित्रांवर चौकटी काढत बसण्यापूर्वी एफएसओसीओ हा संग्रह पाहा. जगभरच्या फॉर्म्युला स्टुडंट संघांनी शंकूंची चौकटी काढलेली चित्रं त्यात एकत्र केली आहेत. त्यात आपल्याकडच्या दुपारच्या उन्हातली पाच-सातशे चित्रं स्वतःची घाला. एक्स्पोजर स्वयंचलित ठेवलं तर सावलीतला निळा शंकू चक्क काळा दिसतो, हे ध्यानात असू द्या.

प्रश्न : स्टिअरिंगची मोटर फिरली की जेटसन (गाडीतला छोटा संगणक) बंद पडून पुन्हा सुरू होतो. — छत्रपती संभाजीनगर

मोटर सुरू होताना किंवा दिशा उलटताना क्षणभर भरपूर करंट ओढते, व्होल्टेज खाली बसतं आणि संगणक रीस्टार्ट होतो. मल्टिमीटरवर हे दिसणार नाही. ऑसिलोस्कोप संगणकाच्या सॉकेटपाशी लावा, बॅटरीपाशी नको. संगणकाला स्वतंत्र डीसी-डीसी कन्व्हर्टर द्या, मोटरची वायर जाड करा, आणि दोघांची ग्राउंड वायर वेगवेगळी थेट बॅटरीच्या एकाच बिंदूपर्यंत न्या. मोठा कपॅसिटर लावून भागतं असं वाटेल, पण ती मलमपट्टी आहे.

प्रश्न : कॅन बसवरचे (गाडीतले बोर्ड ज्या दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात त्यांवरचे) संदेश मधूनच गळतात. प्रोग्रॅम दहा वेळा तपासला. — इस्लामपूर

प्रोग्रॅम बंद करा, मल्टिमीटर घ्या. गाडीची वीज पूर्ण बंद करून कॅन-हाय आणि कॅन-लो यांच्यामधला रोध मोजा. ६० ओहम आला तर दोन्ही टोकांचे १२० ओहमचे रोधक जागेवर आहेत. १२० आला तर एक गायब आहे. ४० आला तर कुठल्यातरी बोर्डावर तिसरा चुकून सोल्डर झालेला आहे; विकत आणलेल्या मॉड्युलवर तो बहुधा आधीच असतो. मग वायरी पाहा. दोन्ही तारा एकमेकींना पीळ घातलेल्या असाव्यात, मोटरच्या जाड तारांपासून दूर असाव्यात आणि मुख्य तारेतून निघणाऱ्या फांद्या वीतभरापेक्षा लांब नसाव्यात.

प्रश्न : गाडी सरळ मार्गावरही नागासारखी वळवळत जाते. प्युअर परसूट (मार्गावरचा पुढचा एक बिंदू धरून त्याकडे चाक वळवण्याची पद्धत) वापरतो. गुणक बदलून पाहिले, फरक नाही. — रत्नागिरी

गुणकांना हात लावण्याआधी उशीर मोजा. कॅमेऱ्यात चित्र उमटल्यापासून चाक प्रत्यक्ष वळेपर्यंत एकूण किती वेळ जातो? चित्र येणं, शंकू शोधणं, मार्ग काढणं, कॅनवरून आज्ञा जाणं, मोटर फिरणं हे सगळं मिळून २५० मिलीसेकंद सहज होतात. सेकंदाला ५ मीटर या साध्या वेगातही गाडी तेवढ्यात सव्वा मीटर पुढे गेलेली असते. मार्ग ३ मीटर रुंद, गाडी समजा १.४ मीटर रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना ८० सेंटिमीटर मोकळे. जुन्या जागेसाठी काढलेला कोन नव्या जागी लावला की गाडी ओलांडून पलीकडे जाते, परत येते, पुन्हा जाते. यालाच तुम्ही वळवळ म्हणता.

उपाय दोन. प्रत्येक मोजणीला ती जिथे घेतली तिथली वेळ चिकटवा आणि कोन काढताना गाडी आता कुठे पोहोचली असेल हे गतीवरून पुढे नेऊन धरा. दुसरं, स्टिअरिंग वेगळं काढून तपासा. गाडी जॅकवर नको, चाकं जमिनीवरच हवीत, कारण खरा भार तिथेच पडतो. एकदम १० अंशांची आज्ञा द्या; आज्ञा आणि प्रत्यक्ष कोन यांचा आलेख काढा. सुरुवातीचा सपाट तुकडा म्हणजे उशीर, चढ म्हणजे मोटरचा वेग. मग पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवा. मोटर न फिरता चाक हललं तर ती सगळी ढिलाई गिअर, युनिव्हर्सल जॉइंट आणि रॅक यांच्यात आहे. तिच्यावर कुठल्याही गुणकाचा इलाज चालत नाही. सेन्सर मोटरच्या शाफ्टवर असेल तर ही ढिलाई त्याला दिसतही नाही. तो रॅकवर बसवा.

शून्याची जागाही एकदा पाहा : सपाट जमिनीवर शून्य कोन देऊन गाडी २० मीटर ढकला, खडूच्या रेषेपासून किती सरकते ते मोजा.

यानंतर पुढे किती लांबचा बिंदू पकडायचा ते ठरवा. १.५५ मीटर व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर), ४ मीटरवरचा बिंदू आणि तो २० अंश बाजूला असेल तर सूत्राने चाकाचा कोन सुमारे १५ अंश येतो. तोच बिंदू २ मीटरवर धरला तर सुमारे २८ अंश, म्हणजे स्टिअरिंगच्या मर्यादेपाशी. वेग वाढेल तसा बिंदू लांब न्या, कमी झाला की जवळ आणा.

प्रश्न : पॉलिटेक्निकमध्ये आहोत. मोठी गाडी परवडणार नाही. हे सगळं शिकायचं कसं? — नांदेड

एकदशांश आकाराच्या गाडीवर. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात सुरू झालेली एफवनटेंथ ही स्पर्धा नेमकी यासाठी आहे. आता तिचं नाव रोबोरेसर आहे आणि बांधणीचे आराखडे, धडे सगळं खुलं आहे. लागतं ते असं : १:१० मापाची रिमोटवाल्या गाडीची चेसिस, सेन्सर असलेली ब्रशलेस मोटर, व्हीईएससी जातीचा मोटर कंट्रोलर, द्विमितीय लायडार, जेटसनसारखा छोटा संगणक, ३ सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी आणि संगणकासाठी वेगळा कन्व्हर्टर. पैसे वाचवायचे तर लायडारमध्ये वाचवा, स्वस्तातल्यावरही हळू वेगात शिकता येतं. मोटरमध्ये वाचवू नका. बिनसेन्सरची मोटर अगदी कमी वेगात अडखळते आणि मुलं आठवडाभर प्रोग्रॅममधली चूक शोधत बसतात.

बॅटरीचं मात्र नीट ऐका. पूर्ण भरलेली १२.६ व्होल्ट, ९.९ च्या खाली उतरू देऊ नका, ठेवून द्यायची असेल तर ११.४ वर ठेवा. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही, आणि चार्जिंग लावून वर्ग सोडून जायचं नाही.

मार्गाच्या कडेला पुठ्ठ्याची खोकी चालतील. काळी चकचकीत खोकी आणि काचेचे दरवाजे टाळा, लायडारला ते दिसत नाहीत. पहिला प्रोग्रॅम सर्वांत मोठी मोकळी फट शोधून तिकडे जाण्याचा लिहा. पुढचं सगळं त्याच्यावर चढतं.

प्रश्न : मी इथे आखेनमध्ये शिकते. पहिल्या फेरीचा नकाशा छान येतो, पण आरंभरेषेपाशी सगळे शंकू दुहेरी होतात. — आखेन, जर्मनी

दिशेची चूक साठली आहे. १०० मीटर गेल्यावर १ अंशाची चूक म्हणजे पावणेदोन मीटर बाजूला. तेवढं सरकलं की प्रोग्रॅमला जुना शंकू नवा वाटतो. जायरोचा (गाडी किती वळली हे मोजणाऱ्या सेन्सरचा) शून्यबिंदू धावेच्या आधी काढा. ‘जा’ असा सिग्नल मिळण्याआधी गाडीला तयार स्थितीत किमान ५ सेकंद उभं राहावंच लागतं. ते ५ सेकंद फुकट घालवू नका, त्यातच सरासरी घ्या.

चाकाची त्रिज्या कॅटलॉगमधून उचलू नका. हवा भरून, गाडीचं वजन टायरवर असताना १० आवर्तनं ढकला आणि अंतर टेपने मोजा. १ टक्क्याची चूक ३०० मीटरच्या फेरीत ३ मीटर होते. मागची चाकं मोटरने फिरतात, वेग घेताना घसरतात. अंतर पुढच्या चाकांवरून काढा.

नवा शंकू तीनदा दिसल्याशिवाय नकाशात घालू नका. रंग एका नजरेत ठरवू नका, मतं मोजा. फेरी जुळवण्यासाठी मोठ्या नारिंगी शंकूंचा आधार घ्या आणि गाडीची दिशा सुरुवातीच्या दिशेशी जुळत असेल तेव्हाच जुळवणी मान्य करा. दुसऱ्या फेरीपासून नकाशा वाढवणं बंद. फक्त आपण त्यात कुठे आहोत ते शोधायचं.

प्रश्न : सिम्युलेटरमध्ये गाडी दहा फेऱ्या निर्धोक मारते. मैदानावर जागची हलत नाही. — मुंबई

आरओएस २ (रोबोटचे वेगवेगळे प्रोग्रॅम एकमेकांशी जोडणारी प्रणाली) वापरत असाल तर दोन जागा पाहा. लायडारचा ड्रायव्हर बहुधा ‘बेस्ट एफर्ट’ने (पोहोचलं की नाही हे न पाहता) पाठवतो आणि तुमचा प्रोग्रॅम ‘रिलायबल’ (पोहोचण्याची खात्री) मागतो. तसं असेल तर काहीच पोहोचत नाही आणि इशारा गर्दीत हरवतो. दुसरी जागा घड्याळाची : मैदानात इंटरनेट नसतं, बोर्डावर घड्याळाची बॅटरी नसेल तर तो जुनीच तारीख धरून उठतो आणि सेन्सरच्या वेळा एकमेकांशी जुळत नाहीत. सगळ्यांना एकच घड्याळ द्या.

प्रश्न : शंकू कुठून आणायचे, आणि चाचणी कशी घ्यायची? — कोल्हापूर

वाहतुकीचे नारिंगी शंकू आणून रंगवता येतात, पण मापात मिळतेजुळते घ्या आणि मॅट रंग वापरा. चकचकीत ऑइलपेंट उन्हात पांढरा दिसतो. सुरुवातीला निळे आणि पिवळे प्रत्येकी २५, नारिंगी मोठे ४ पुरतात. एका कडेचे शंकू जास्तीत जास्त ५ मीटरच्या अंतराने ठेवा, वळणावर त्याहून जवळ. त्यांच्या जागा खडूने आखून ठेवा. वारा शंकू हलवतो आणि मग कालच्या नोंदींशी आजची तुलना होत नाही.

मैदान बंदिस्त हवं, प्राचार्यांची लेखी परवानगी हवी, आणि गाडीच्या सरळ पुढे भिंत, झाड किंवा माणूस नको. रिमोट एकाच व्यक्तीच्या हातात द्या. तिने लॅपटॉपकडे बघायचं नाही, फोन घ्यायचा नाही, नजर फक्त गाडीवर. नोंदी पाहायला दुसरा, मैदानात कुणी शिरत नाही ना हे पाहायला तिसरा. गाडीवरच्या दिव्यांचा अर्थ आलेल्या प्रत्येकाला पाठ हवा : पिवळा स्थिर म्हणजे तयार, पिवळा लुकलुकता म्हणजे धावते आहे, निळा स्थिर म्हणजे धाव संपली, निळा लुकलुकता म्हणजे आपत्कालीन थांबा. गाडी थांबलेली दिसली तरी दिवा पिवळा असेल तर जवळ जायचं नाही. शंकू सरळ करायलाही नाही.

दिवसाची पहिली धाव रिकाम्या मैदानात, शंकूंशिवाय घ्या : ताशी १० किलोमीटर, मग रिमोटचं बटण. मग २० ला, मग ४० ला. प्रत्येक वेळी थांबण्याचं अंतर टेपने मोजून वहीत लिहा. कालच्यापेक्षा अर्धा मीटर जरी वाढलं असेल, तर शंकू टेम्पोतून उतरवू नका. आधी हवेचा दाब आणि ब्रेक ऑइल पाहा.